सतरावा अर्थ

लीड्स
२ नोव्हेंबर १९८७

प्रिय विनी,

कॉन्व्हेंटच्या माळ्यावरची सफरचंदं आठवतात का गं तुला? लढाईची वर्षं होती, आपण तेरा-चौदाच्या. दर शनिवारी सिस्टर इग्नेशिया आपल्या दोघींना वर पाठवायची. पेंढ्यावर मांडलेलं एकेक फळ उचलायचं, फडक्याने पुसायचं, कूस बदलून परत ठेवायचं. एकाला दुसरं लागू द्यायचं नाही. खालून तिचा आवाज यायचा, "मुलींनो, कीप होतायत ना?" आणि तू तोंडातला घास गालात सरकवून ओरडायचीस, "होतायत सिस्टर, पण सगळी नाही!"

आज मृतांचा दिवस. सकाळी चर्चमधून मिस्सा ऐकून आले आणि टेबलाशी बसले तर समोर हाच शब्द. लोकांच्या तोंडची वाक्यं टिपलेल्या चिठ्ठ्या लावत एकतीस वर्षं बोलीकोशात काढली, पण बाकीची अक्षरं माझ्या हातून नुसती गेली. 'के' तेवढं माझं राहिलं. आणि 'के'मध्ये 'कीप'. आमचे नवे संपादक, डॉ. फेअरहर्स्ट (वय चौतीस, टाय विणलेला), परवा म्हणाले, "मिसेस स्वॉरब्रिक, एवढ्या साध्या शब्दाला सहा खोकी चिठ्ठ्या?" म्हटलं, "साधा आहे म्हणूनच. अवघड शब्दाचं एका चिठ्ठीत भागतं."

एकेचाळीस अर्थ झाले आहेत. टिकतं ते कीप. पाळतो तेही कीप: शुक्रवारचा उपास, शब्द, वेळ. कोंबड्या कीप करतात, दुकान कीप करतात, मनातली गोष्टही. आजारी बाई अंथरूण कीप करते. मुलगा-मुलगी एकमेकांची संगत कीप करायला लागली की शेजारीण कान टवकारते. किल्ल्याचा अगदी आतला बुरूज, जिथे शेवटी सगळे शिरतात, तो कीप. गुरांचं भाड्याने घेतलेलं कुरण कीप. आणि पोटापुरतं अन्नही कीप. 'स्वतःचं कीप कमावतोस ना रे?' असं बाबांनी मला मागायला आलेल्या क्लेमला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, आणि त्याने दोन्ही तळवे पुढे केले होते. दोरांनी सोललेले.

आता मुद्द्याचं. सतरावा अर्थ तू कोशासाठी टिपून पाठवलेल्या चिठ्ठीवर उभा आहे. ती माझ्यासमोर आहे, तुझ्या गोल शाळामास्तरणी अक्षरातली:

"आम्ही त्याला सात वर्षं कीप केलं, मग जाऊ दिलं." परत न आलेल्या खलाशाचं ताट घरात मांडत राहणे. सांगणारी: मिसेस एलन रिमर, जाळी विणणारी, वय ७८. थॉर्नबे, फेब्रुवारी १९५९.

ही चिठ्ठी मला काय होती ते तुला सांगायला नको. क्लेमची बोट आइसलँडकडे गेली ती गेली. मालकांनी आशा सोडली, आणि नवव्या दिवशी थॉर्नबेच्या बाया रिवाजाप्रमाणे बुडालेल्याच्या वस्तू वाटून घ्यायला दारात आल्या. बूट एका घरी, कोट दुसऱ्या घरी, ताट तिसऱ्या. मी दार लावून घेतलं. मी बाहेरची, कॉन्व्हेंटात शिकलेली, शिष्ट. सगळं बोलून झालं त्यांचं. आणि त्याच आठवड्यात, तेव्हा मी घरी बसून लावायचे त्या तुझ्या नेहमीच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात हे वाक्य निघालं. त्यांच्यापेक्षाही जुना रिवाज, त्यांच्याच एका म्हातारीच्या तोंडून. मी ताट मांडलं. तुला ठाऊकच आहे.

पण नियम तुलाही पाठ आहेत: दोन घरच्या दोन साक्षी असल्याशिवाय अर्थ छापायचा नाही. इतकी वर्षं तो 'दुसरी साक्ष हवी' अशा शेऱ्यानिशी पडून आहे. ईस्टरला पानं छापखान्यात जातात. विनी, क्लेमला कबरीचा दगड नाही. कुठे लावणार? चर्चने नुसत्या नावाला जागा दिली नाही. हा अर्थ छापला गेला तर तोच त्याचा दगड. मला दुसरी साक्ष आणून दे. मिसेस रिमरची मुलगी नोरा आहे ना अजून?

तुझी
अ‍ॅगी


थॉर्नबे
१२ नोव्हेंबर १९८७

अ‍ॅगी, राणी,

सफरचंदं आठवतात, आणि पकडली गेलीस ती तू, हेही आठवतं. खायची मी आणि गालफडं लाल व्हायची तुझी.

पत्र मिळालं. नोराकडे जाऊन आले, पण तिला सर्दी झाली आहे म्हणून भेटली नाही. तशीही आता ऐंशीला टेकली, काय सांगणार! इथे बोटी उरल्यात तीन. धक्क्यावर जाळी विणायच्या त्या शेडमध्ये आता चॉकलेटच्या आकाराचे साबण विकतात. मी विचारलं, "हे खायचं की अंगाला लावायचं?" पोरगी म्हणाली, "दोन्ही करून बघा, आजी." आजी म्हणे! लग्न न करताच बढती.

मला विचारशील तर, अ‍ॅगी, एकेचाळीसातला एक गेला तर चाळीस उरतातच. शब्दाला काही कळणार नाही. त्या फेअरहर्स्टला काय कळणार? सोडून दे की.

तुझं पोटाचं दुखणं कसं आहे? मागच्या पत्रात ओझरतं लिहिलं होतंस, या पत्रात अजिबातच नाही. तुझ्या न लिहिण्याची मला जास्त भीती वाटते.

तुझीच
विनी


लीड्स
२० नोव्हेंबर १९८७

प्रिय विनी,

'सोडून दे' हे तू लिहिलंस? पुढच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याने 'पाऊस' कसा उच्चारला हे ऐकायला भर थंडीत तीन मैल चालत जाणारी तू?

दुखणं पोटातच आहे, जागा बदललेली नाही. उघडलं आणि परत शिवलं. मी डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे काढलं नाहीत?" ते म्हणाले, "मिसेस स्वॉरब्रिक, काढण्यासारखं राहिलं नव्हतं." भला माणूस, खिडकीकडे बघून बोलला. ईस्टरपर्यंत, म्हणाला, कदाचित. म्हणून घाई. छापखान्याची आणि माझी तारीख एकच पडली आहे.

हे आधी लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू साक्ष शोधायच्या ऐवजी सूपचं भांडं घेऊन गाडीत बसली असतीस. येऊ नकोस. साक्ष आण.

एक गोष्ट आजवर बोलले नव्हते. १९६२च्या उन्हाळ्यात रेजिनल्ड एन्टविसलने मला मागणी घातली होती. तो आमच्याकडे 'एल'वर होता, उंच, खोकणारा. कचेरीच्या जिन्यात म्हणाला, "तुमच्या अक्षराशेजारीच माझं अक्षर आहे, मिसेस स्वॉरब्रिक, आणखी थोडं सरकून बसता येईल का बघा." मला तो आवडायचा, विनी. मी म्हटलं, अजून तीन वर्षं आणि काही महिने थांबा. तो म्हणाला, कशासाठी? मी ती चिठ्ठी दाखवली. त्याने ती दोनदा वाचली, आदराने परत दिली. कोशातला माणूस, चिठ्ठीपुढे वाद घालत नाही. वर्षभराने कॅनडाला गेला. तिकडे त्याला मुली आहेत.

आणि गंमत बघ, सात वर्षं सरली तेव्हा मला जाऊ देणं जमलंच नाही. सवय झाली होती. आजही मांडते. दोन ताटं, एक सुरी कमी, कारण क्लेम भाकरी हाताने तोडायचा.

तेव्हा मला सांगू नकोस, चाळीस उरतात म्हणून.

अ‍ॅगी


थॉर्नबे
१६ डिसेंबर १९८७

अ‍ॅगी,

तीन पत्रं लिहून फाडली. काय लिहू? तू सांगितलंस म्हणून आले नाही. पण सूप रोज करते आणि रोज एकटीच पिते.

एन्टविसलचं मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. एकदा तरी बोलायचं होतंस.

नोराची तब्येत अजून ठीक नाही. शिवाय नाताळ तोंडावर, लोक कामात. नव्या वर्षात बघू. साक्ष मिळेलच असं धरून चालू नकोस, एवढंच म्हणते. रिवाज मरतात. आणि काही रिवाज एखाद्याच घरात असतात, त्यांना दुसरी साक्ष कुठून येणार?

पुडिंग पाठवते आहे. डॉक्टर नको म्हणाले तर शेजाऱ्यांना दे. ते आणखी एक वर्ष टिकेल.

विनी


लीड्स
६ जानेवारी १९८८

प्रिय विनी,

पुडिंगचा एक चमचा खाल्ला. क्लेमच्या ताटातही एक चमचा वाढला.

तुला पळवून दमवलं मी. तुझा दोष नाही. आता मीच येते. डॉ. फेअरहर्स्ट त्यांच्या गाडीने सोडतो म्हणाले आहेत; टाय विणलेला असला तरी मनाचा चांगला आहे. "एका अर्थासाठी जाऊन-येऊन एकशेचाळीस मैल?" म्हणाले. मी म्हटलं, "जायचे सत्तरच आहेत. येतानाचे तुम्ही मोजू नका." बिचारा लाल झाला.

सतरा तारखेला, रविवारी पोहोचू. त्या दिवशी बोट गेल्याला एकोणतीस वर्षं होतात. चर्चमधून बाया बाहेर पडतील तेव्हा मी स्वतः नोराला विचारेन. ध्वनिमुद्रणाचं यंत्रही आणतो आहोत.

अ‍ॅगी


थॉर्नबे
९ जानेवारी १९८८

अ‍ॅगी,

येऊ नकोस. नोराला विचारू नकोस. मी विचारलं आहे.

नोव्हेंबरातच विचारलं. तिला सर्दीबिर्दी काही नव्हती. दारात बसून बटाटे सोलत होती. मी म्हटलं, "नोरा, तुझे वडील बुडाले तेव्हा तुझ्या आईने त्यांचं ताट मांडून ठेवलं होतं का गं, सात वर्षं?" ती हसायलाच लागली. "ताट? अगं बाई, आमच्याकडे ताटंच चार होती आणि खाणारी तोंडं सात! बाप गेला तेव्हा पहिल्यांदा मला माझं ताट मिळालं. पण नवव्या दिवशी तेही शेजारच्यांकडे गेलं. मी रडले, ते बापासाठी की ताटासाठी, देव जाणे." मग सुरी थांबवून म्हणाली, "तुला कुणी सांगितलं हे, मास्तरीणबाई?"

कुणीच नाही. मीच सांगितलं.

मिसेस रिमर ते वाक्य कधी बोलल्या नाहीत. कुणीच बोललं नाही. नवव्या दिवशी मी तुझ्याकडे आले होते, मागच्या दाराने. तू ओट्याशी उभी होतीस, त्याचं निळ्या काठाचं ताट छातीशी धरून, बायांच्या हाका ऐकत. मला बघून म्हणालीस, "विनी, त्यांना सांग, एवढं नको." दोन दिवस तू तशीच होतीस. पाण्याचा थेंब घेतला नाहीस. मी घरी गेले, कोरी चिठ्ठी घेतली आणि तुला परवानगी लिहिली. माझं तू ऐकलं नसतंस. देवाचंही ऐकत नव्हतीस. चिठ्ठीचं ऐकशील, हे मला ठाऊक होतं. सात वर्षं लिहिली, कारण हरवलेला माणूस सात वर्षांनी मेला असं कायदा धरतो. वाटलं, त्याच्या फार आधीच तुझं मन आपोआप मोकळं होईल. मिसेस रिमरांचं नाव घातलं, कारण त्या बहिऱ्या होत्या आणि आज-उद्याच्या होत्या. एप्रिलमध्ये गेल्याच.

आणि हेही लिहिते, कारण आता अर्धं सांगून उपयोग नाही. कोशाच्या त्या वर्षीच्या वार्तापत्रात संपादकांनी त्या चिठ्ठीचं कौतुक केलं, माझं नाव छापलं. मी ते कात्रण बायबलमध्ये ठेवलं. पुढे सांगावंसं वाटायचं तेव्हा ते कात्रण आड यायचं.

वीस-तीस दिवसांसाठी लिहिलं होतं मी ते, अ‍ॅगी. एका माणसाच्या आयुष्यासाठी नव्हतं लिहिलं. दोन माणसांच्या.

विनी


थॉर्नबे
१२ फेब्रुवारी १९८८

अ‍ॅगी,

दोनदा लीड्सला येऊन गेले. शेजारीण म्हणाली, "घरात आहेत, पण कुणाला भेटत नाहीत." दुसऱ्या खेपेला पडदा हलला. सूप पायरीवर ठेवलं होतं, मिळालं का? भांडं परत नको.

एक ओळ लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल. सिस्टर इग्नेशियाच्या कुत्र्याला दिली होतीस तसली.

विनी


लीड्स
२२ फेब्रुवारी १९८८

विनिफ्रेड,

सूप मिळालं.

सतरावा अर्थ मी काढला. खोट्या चिठ्ठीला दुसरा उपाय नाही. डॉ. फेअरहर्स्ट म्हणाले, राहू द्या, कोणाला कळणार आहे. मी त्यांना आपल्या खोक्यांच्या झाकणामागे छापलेला नियम वाचून दाखवला: जे कानांनी ऐकलं तेच लिहावं. अठरावा अर्थ वर सरकला. आता सतराव्या जागी गुरांचं कुरण आहे.

एन्टविसल चिठ्ठी परत देताना 'चिठ्ठी आहे म्हणजे तसंच असणार' म्हणाला होता. ते वाक्य रोज आठवतं.

संध्याकाळी जेवायला बसताना दुसरं ताट काढायचं नाही असं ठरवलं. हात कपाटाकडे गेला. एकोणतीस वर्षांचा हात आहे, त्याला मी काय सांगू? मांडलं. मग त्याच्याकडे बघत बसले. कुणाचं होतं ते, कळेना. क्लेमचं नव्हतं. तो तर केव्हाच, तुझ्या त्या बाया म्हणत होत्या तसा, पहिल्या नऊ दिवसांतच गेला होता.

जेवले नाही.

अ. स्वॉरब्रिक


लीड्स, नन्सच्या शुश्रूषागृहातली खोली, पहिला मजला
२५ मार्च १९८८

प्रिय विनी,

हे सिस्टर कॅमिलस लिहून घेते आहे, माझं अक्षर आता मलाच वाचता येत नाही. ती म्हणते हळू सांगा, आजी. तिलाही आजीच सापडले मी.

खिडकीतून भिंत दिसते. तक्रार नाही. भिंतीवर संध्याकाळी थोडा वेळ ऊन येतं, मग जातं.

तुला माफ केलं असं लिहायला मी दोनदा सांगितलं आणि दोनदा खोडायला लावलं. खरं आहे की नाही, माहीत नाही. आतून कुणी बोललेलं ऐकू आलं नाही. न ऐकलेलं लिहायचं नाही. तेव्हा ती जागा कोरी ठेवते. रागावले आहे का? तेही ऐकू येत नाही. थकले आहे, हे मात्र पक्कं. त्याला दहा साक्षी आहेत, सिस्टर कॅमिलस धरून.

मी इथे पडल्यापडल्या विचार केला की तो सतरावा अर्थ खरोखर कुणी बोललं होतं का? बोललं होतं. तू एकदा, कागदावर. आणि पुढे मी, रोज, एकोणतीस वर्षं: शेजारणीला, एन्टविसलला, पाद्र्याला. 'मी त्याला कीप करते आहे.' दोन घरं, दोन बाया. साक्षी पुऱ्या होतात. पण झाकणामागचा चौथा नियम तुला आठवतोच: गोळा करणाऱ्याने स्वतःच्या तोंडची साक्ष द्यायची नाही. सबंध इंग्लंडात तो अर्थ बोलणाऱ्या आपण दोघीच, आणि आपल्या दोघींचीही साक्ष चालत नाही. आपल्यामागे तो कुणाला कळणारही नाही.

आता वाटणी. थॉर्नबेच्या रिवाजाप्रमाणे मी गेल्यापासून नवव्या दिवशी. फार नाही, तू एकटीने उरकशील.

माझा निळा कोट सिस्टर कॅमिलसच्या आईला. ती नको नको म्हणते आहे आणि लिहितेही आहे. लिही गं. चष्मा दान-पेटीत. चिठ्ठ्यांची सहा खोकी विद्यापीठात राहतील, म्हणजे तळघरात, डॉ. फेअरहर्स्टना त्यांची चावी आणि माझा पेन्सिल कोरायचा चाकू. त्यांना म्हणावं, टाय बदला. एन्टविसलला काही कळवू नकोस. त्याच्या बायकोला उगाच कोडं पडेल.

क्लेमचे बूट दाराशी आहेत. मी दरवर्षी तेल लावत आले, पण आतून कातडं तडकलं आहे, आता कुणाच्याही पायात जाणार नाहीत. त्या वर्षी रिमरांच्या धाकट्या नातवाला हवे होते ते. त्याच्या मापाचे होते. त्या थंडीत तो मोठ्या भावाचे फाटके घालून बोटीवर गेला, ते मी खिडकीतून पाहिलं होतं. आता ते बूट कचऱ्याच्या गाडीत टाक. दुसऱ्या कुणाला टाकायला सांगू नकोस, तूच टाक.

निळ्या काठाचं ताट नोरा रिमरला. स्वतः नेऊन दे. सांग, एकोणतीस वर्षं उशीर झाला, स्वच्छ धुतलेलं आहे, त्यात जेव. कपाटात ठेवशील तर खबरदार म्हणावं.

आणि तुला ती चिठ्ठी. सोबत आहे. जाळणार होते, पण चिठ्ठी जाळायला हात धजेना, आणि आता हातात तेवढं बळही नाही. खालची ओळ मात्र मी स्वतः खोडली आणि दुरुस्त केली. अक्षर वाकडं आहे, समजून घे. वाक्य तसंच आहे. फक्त आता लिहिलं आहे: सांगणारी: मिस विनिफ्रेड थ्रेलफॉल, शिक्षिका, वय २८. थॉर्नबे, फेब्रुवारी १९५९. एकच साक्ष. छापू नये.

अ‍ॅगी